मायक्रोवेव्हचं पॅनेल दाद देत नाही? एकही स्क्रू न काढता दोष शोधा

मायक्रोवेव्हचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की बहुतेक घरांत तेच बटण आणखी जोरात दाबलं जातं, मग नखाने, मग चमच्याच्या टोकाने. त्याने दोष सापडत नाही, पॅनेलवरच्या प्लास्टिकला मात्र चीर पडते आणि पुढे त्या चिरेतून वाफ आत शिरते. पॅनेल नेमकं कसं बंद पडलंय, यातच अर्धं उत्तर असतं. म्हणून पहिली दोन मिनिटं हात आवरा आणि फक्त बघा.

हा लेख बटणांच्या किंवा टचच्या पॅनेलसाठी आहे. ज्यात फक्त दोन गोल नॉब असतात (एक पॉवरचा, एक घंटी वाजणाऱ्या टायमरचा) त्या मॉडेलांत बहुधा असं पॅनेलच नसतं, त्यांचे दोष वेगळे.

घरी कुठपर्यंत करायचं

मायक्रोवेव्हचं बाहेरचं पत्र्याचं कव्हर घरी उघडायचं नाही. प्लग काढलेला असला तरीही नाही. आतला ट्रान्सफॉर्मर घरच्या २३० व्होल्टचे साधारण २००० व्होल्ट करतो, आणि पुढे कपॅसिटर व डायोड मिळून ते ४००० व्होल्टच्या आसपास नेतात. हा कपॅसिटर, म्हणजे मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात तो, प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवू शकतो. चार्ज हळूहळू उतरावा म्हणून त्याच्या आत एक रेझिस्टर असतो, पण तो निकामी झालाय की नाही हे बाहेरून कळत नाही. या झटक्याने माणूस जागीच जाऊ शकतो. मिक्सर किंवा इस्त्री उघडण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण या दोन्हींत असा साठवलेला चार्ज नसतो.

सुदैवाने पॅनेलच्या तक्रारींपैकी कितीतरी बाहेरूनच सुटतात. त्यासाठी लागतं काय, तर एक मऊ सुती फडकं, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, कागद-पेन, एक इस्त्री आणि टेबल फॅन.

आधी लक्षण ओळखा

मायक्रोवेव्ह चालू सॉकेटला जोडलेला असताना खालीलपैकी काय दिसतं ते ठरवा. पुढचा सगळा रस्ता यावरून ठरतो.

१. डिस्प्ले पूर्ण काळा, बीपही नाही.
२. डिस्प्लेवर घड्याळ किंवा शून्य दिसतं, पण एकही बटण चालत नाही.
३. काही बटणं चालतात, काही नाहीत. किंवा एक दाबलं की दुसरंच लागतं.
४. सगळी बटणं बीप करतात, वेळही लागते, पण स्टार्ट होत नाही.
५. स्टार्ट दाबताच डिस्प्ले विझतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.
६. हात न लावता बीप होतं, आकडे बदलतात किंवा मायक्रोवेव्ह आपोआप सुरू होतो.

सहावं लक्षण असेल तर पुढचं वाचण्याआधी प्लग काढा. रिकामा मायक्रोवेव्ह आपोआप सुरू झाला तर आतली ऊर्जा शोषायला अन्न नसतं, ती मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागावर, उलटते. आत प्लास्टिकचा डबा विसरलेला असेल तर आगही लागू शकते. दुरुस्ती होईपर्यंत तो प्लग परत लावायचा नाही.

डिस्प्ले काळा: आधी सॉकेट, मग मशीन

मोबाइलचा चार्जर लावून सॉकेट तपासणं पुरेसं नाही. सैल झालेल्या सॉकेटमधूनही चार्जरपुरता करंट जातो, मायक्रोवेव्हपुरता जात नाही. त्याच सॉकेटला इस्त्री लावा आणि दोन मिनिटं तापू द्या. (१६ अँपिअरच्या बहुतेक सॉकेटला वर लहान पिनांचीही भोकं असतात. पण तिथे इस्त्री चालली तरी मोठ्या पिनांचा संपर्क चांगला आहे हे सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवा.) इस्त्री नीट तापली आणि सॉकेट तडतडलं नाही, तर बोर्डापर्यंत वीज येते आहे.

मग मायक्रोवेव्हचा प्लग हातात घेऊन बघा. पिना काळ्या पडल्या आहेत का? प्लगच्या प्लास्टिकला जळका वास येतो का, किंवा ते पिवळट-तपकिरी झालंय का? असं असेल तर सॉकेट बदलून घ्या, मायक्रोवेव्हचा दोष नंतर बघू. मोठा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर वापरत असाल तर तो आजच काढून टाका. मायक्रोवेव्हवर लिहिलेले ७०० किंवा ८०० वॅट ही अन्नाला मिळणारी ऊर्जा असते. मशीन त्यासाठी ११०० ते १२०० वॅट ओढतं आणि कन्व्हेक्शनच्या वेळी त्याहून पुष्कळ जास्त. सहा अँपिअरच्या पॉइंटला आणि एक्स्टेन्शन बोर्डाला हे झेपत नाही.

शक्य असेल तर मायक्रोवेव्ह दुसऱ्या १६ अँपिअरच्या पॉइंटला, म्हणजे वॉशिंग मशीन किंवा एसीच्या, लावून पाहा. उचलण्याआधी आतली काचेची प्लेट आणि रिंग काढून ठेवा, आणि दोघांनी उचला.

एमसीबी पडला असेल तर एकदा वर करा. मायक्रोवेव्ह जोडताच पुन्हा पडला, तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नका. आत शॉर्ट आहे किंवा करंट अर्थिंगला जातो आहे.

घरातले दिवे नेहमीपेक्षा प्रखर झालेत किंवा पंखा एकदम जोरात फिरतोय असं दिसलं, तर मुख्य लाइनचा न्यूट्रल तुटलेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी घरात २३० च्या जागी ३०० व्होल्टच्या वरही दाब येऊ शकतो. सगळी उपकरणं काढा, मेन बंद करा आणि वीज कंपनीला कळवा (महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२). कंट्रोल कार्डावर (पॅनेलमागचं इलेक्ट्रॉनिक सर्किट, पुढे नुसतं ‘कार्ड’) अशा वाढीव व्होल्टेजसाठी व्हॅरिस्टर नावाचा छोटा गोल भाग असतो. तो स्वतः जळून पुढचं वाचवतो, आणि मग पॅनेल काळं पडतं. लाइट जाऊन आल्यावर लगेच पॅनेल गेलं असेल, तर टेक्निशियनला हे आवर्जून सांगा.

वीज ठीक आहे आणि तरी डिस्प्ले काळा आहे? मग तीन शक्यता उरतात.

पहिली अगदी साधी. अनेक मॉडेलांत वीज वाचवण्यासाठी डिस्प्ले काही मिनिटांनी आपोआप विझतो. दार उघडून बंद केलं किंवा कुठलंही बटण दाबलं की तो जागा होतो.

दुसरी म्हणजे मशीन तापलेलं असणं. लागोपाठ अर्धा-पाऊण तास कन्व्हेक्शन चालवलं, मागची जाळी भिंतीला टेकली असली, किंवा वर विणलेला रुमाल, कव्हर, डब्यांची चळत असली, की आतला थर्मल कटआउट वीज तोडतो. काही मॉडेलांत त्यामुळे डिस्प्लेही जातो. प्लग काढा, दार उघडं ठेवा, एक तास थांबा. बहुतेक कटआउट थंड झाल्यावर स्वतःच जुळतात. हे पुन्हा होऊ नये म्हणून वर साधारण २० सेंटिमीटर आणि मागे व बाजूंना १० सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. तुमच्या मॅन्युअलमध्ये जास्त सांगितली असेल तर तेवढी. मायक्रोवेव्हवरची कव्हरं दिसायला छान असली तरी चालू मशीनवर त्यांना जागा नाही.

तिसरी शक्यता आतल्या फ्यूजची किंवा कार्डाची, आणि ती घरी सुटत नाही. एक खूण मात्र बघून ठेवा: दार उघडल्यावर आतला दिवा लागतो का? डिस्प्ले काळा पण दिवा लागतो, तर मशीनमध्ये वीज शिरते आहे आणि दोष बहुधा कार्डात किंवा डिस्प्लेत आहे. दिवाही लागत नसेल तर एवढ्यावरून काही ठरवू नका, कारण बऱ्याच मॉडेलांत तो दिवा कार्डच लावतं.

स्टार्ट दाबताच डिस्प्ले विझतो

हे लक्षण ओळखता आलं तर कार्ड बदलण्याचा खर्च वाचू शकतो. स्टार्ट दाबल्याबरोबर ट्रान्सफॉर्मर एकदम मोठा करंट ओढतो. सॉकेट सैल असलं, वायर बारीक असली किंवा आधीच व्होल्टेज कमी असलं, की त्या क्षणी दाब इतका खाली येतो की कार्ड बंद पडून पुन्हा सुरू होतं. म्हणून घड्याळ शून्यावर येतं. अशा वेळी आधी सॉकेट बदला. फ्रिज, गीझर, पंप बंद असताना चालवून पाहा. फरक पडला तर दोष वायरिंगचा किंवा पुरवठ्याचा आहे.

घरच्या इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह चालवायचा नाही. घरगुती इन्व्हर्टर सहसा ८०० ते ११०० व्हीएचे असतात, तेवढ्यात हा लोड बसत नाही. चौकोनी लहरींच्या जुन्या इन्व्हर्टरवर तर पॅनेल भलतंच वागू शकतं.

डिस्प्ले आहे, एकही बटण नाही: लॉक बघा

आधी चाइल्ड लॉक. ओटा पुसताना फडकं एखाद्या बटणावर तीन-चार सेकंद दाबलं गेलं तरी तो लागतो, त्यामुळे ‘आम्ही लावलाच नाही’ यावर भिस्त ठेवू नका. डिस्प्लेवर इंग्रजी ‘एल’, ‘लॉक’ असं काही, किंवा किल्लीचं किंवा कुलपाचं छोटं चिन्ह दिसतं का पाहा. घड्याळाच्या कोपऱ्यात हे चिन्ह इतकं बारीक असतं की सहज नजरेतून सुटतं.

लॉक काढण्याची पद्धत कंपनीनुसार बदलते. एलजीच्या बहुतेक मॉडेलांत स्टॉप/क्लिअर काही सेकंद दाबून धरायचं, ‘एल’ गेला की झालं. पॅनासॉनिकच्या बऱ्याच मॉडेलांत स्टार्ट तीनदा दाबल्यावर लॉक लागतो आणि स्टॉप तीनदा दाबल्यावर निघतो. काही मॉडेलांत दोन बटणं एकत्र धरावी लागतात. बटणाखाली छोट्या अक्षरांत किंवा किल्लीच्या चित्राने हे छापलेलं असतं. काहीच सापडलं नाही तर स्टॉप पूर्ण पाच सेकंद धरून पाहा. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकून ते मिळतं.

काही मॉडेलं लाइट जाऊन आल्यावर घड्याळ लावल्याशिवाय किंवा एकदा स्टॉप दाबल्याशिवाय पुढे जात नाहीत. काहींत दार बराच वेळ उघडलं नसेल तर स्टार्ट चालत नाही, कारण आत काहीच नाही असं मशीन धरून चालतं. दार उघडून, आत भांडं ठेवून, बंद करून पुन्हा पाहा.

रीसेट, नीट केलेला

भिंतीवरचं बटण खट्-खट् खालीवर करणं म्हणजे रीसेट नव्हे. कंट्रोल कार्डावरच्या छोट्या कपॅसिटरांत काही काळ वीज उरते, त्यामुळे अडकलेला प्रोसेसर तसाच अडकलेला राहू शकतो. शिवाय दर खटक्याला व्होल्टेजचा झटका बसतो तो वेगळाच.

१. बटण बंद करून प्लग बाहेर काढा.
२. दहा मिनिटं थांबा. या वेळात पॅनेल कोरडं पुसून घ्या.
३. दार बंद करा, प्लग घट्ट बसवा, मग बटण चालू करा.
४. टचची काच असेल तर पहिले पाच-दहा सेकंद तिला बोट लावू नका.
५. आधी स्टॉप, मग घड्याळ, मग बाकीची बटणं असा क्रम ठेवा.

चौथ्या पायरीचं कारण असं. टचची काच बोटाचा दाब मोजत नाही, बोट जवळ आल्याने होणारा विद्युत बदल मोजते. चालू होताना ती ‘बोट नसताना काय स्थिती असते’ याची नोंद घेते. त्याच वेळी काचेवर बोट, पाणी किंवा तेलाचा थर असेल तर ती नोंदच चुकू शकते. मग पॅनेल दाद देत नाही किंवा भलतीकडेच देतं.

ओल, वाफ आणि तेल

आपल्याकडे पॅनेल बिघडण्यामागे हे कारण फार मोठं आहे. मायक्रोवेव्ह स्वयंपाकघरात ओट्यावर, शेगडीच्या जवळ, कुकरच्या शिट्टीच्या माऱ्यात असतो. त्यात जून ते सप्टेंबरची दमट हवा, आणि मुंबई, कोकण, गोव्यात समुद्राची खारी हवा.

मेम्ब्रेनचं पॅनेल म्हणजे वरून सपाट दिसणारं, दाबल्यावर किंचित आत जाणारं. त्यात प्लास्टिकचे दोन पातळ पापुद्रे असतात आणि त्यांवर विद्युतवाहक शाईच्या रेषा छापलेल्या असतात. मध्ये भोकं पाडलेला तिसरा पापुद्रा त्यांना वेगळं ठेवतो. बटण दाबलं की त्या भोकातून वरची रेषा खालच्या रेषेला टेकते. आत वाफ शिरली की दाबल्याशिवायच दोन रेषांमध्ये करंट झिरपायला लागतो, आणि कार्डाला वाटतं की कोणीतरी बटण दाबून धरलंय. एक बटण सतत दाबलेलं असलं की बहुतेक कार्डं बाकीच्या बटणांकडे लक्षच देत नाहीत. बाहेरून दिसतं ते एवढंच, की सगळं पॅनेल मेलं.

हा दोष डिस्प्लेवर कोडनेही कळतो. सॅमसंगच्या जुन्या मॉडेलांत ‘एसई’ (सात रेघांच्या आकड्यात ते ‘५ई’ असंही वाचलं जातं), नव्या मॉडेलांत ‘सी-डी०’, एलजीमध्ये ‘एफ-३’. तिन्हींचा अर्थ एकच: एखादं बटण दाबलेल्या अवस्थेत अडकलंय किंवा शॉर्ट आहे.

साफ करण्याची पद्धत अशी. प्लग काढा. कोमट पाण्यात लिक्विडचे दोन थेंब टाका, फडकं बुडवून इतकं घट्ट पिळा की दाबल्यावर थेंब पडणार नाही. पॅनेल वरून खाली पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने, मग कोरड्या. फोडणीच्या तेलाचा चिकट थर जात नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन हलक्या हाताने पुसा. थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर वापरलंत तर छापील अक्षरं आणि प्लास्टिक दोन्ही जातील. काच पुसायचा स्प्रे थेट पॅनेलवर कधीही मारू नका. तो कडेच्या फटीतून आत ओघळतो. नव्या मशीनवरची पारदर्शक संरक्षक फिल्म अजून तशीच असेल तर काढून टाका, तिच्याखाली ओल साठते.

उठावदार प्लास्टिकची बटणं असतील तर प्लग काढलेला असतानाच प्रत्येक बटण एकदा दाबा. प्रत्येकाची ‘टिक’ बोटाला जाणवली पाहिजे. जे टिक करत नाही किंवा आत जाऊन वर येत नाही, तेच अडकलेलं. त्याच्या कडेने कोरडा मऊ टूथब्रश फिरवा. सुई, पिन, सुरीचं टोक खुपसू नका.

मग वाळवणं. प्लग काढलेला, दार उघडं, समोर टेबल फॅन, असं २४ तास. पावसाळ्यात ४८. घरात एसी असेल तर त्या खोलीत ठेवलेला मायक्रोवेव्ह लवकर वाळतो. हेअर ड्रायरची गरम हवा वापरू नका. पापुद्रे जोडणारा गोंद त्याने मऊ होऊन सरकतो, आणि वाळवून सुटणारा दोष कायमचा होतो.

वाळवल्यावर पॅनेल सुरू झालं, पण आठवड्याभरात पुन्हा बंद पडलं, तर आतल्या रेषांना गंज चढलाय. मेम्ब्रेन बदलायची वेळ आली.

काही बटणं चालतात, काही नाहीत

कागदावर पॅनेलचं चित्र काढा, प्रत्येक बटणाचा चौकोन. मग एकेक बटण दाबून चालतं की नाही याची खूण करा. दर वेळी मध्ये स्टॉप दाबा. पाच मिनिटांचं काम आहे, पण या कागदावरून टेक्निशियनला मशीन न उघडताच अर्धा दोष कळतो.

याचं कारण बटणांच्या जोडणीत आहे. वीस बटणांना वीस वेगळ्या तारा नसतात. चार आडव्या आणि पाच उभ्या रेषांच्या जाळ्यात ती बसवलेली असतात, म्हणजे नऊ रेषांत वीस बटणं. त्या रेषा एका चपट्या पट्टीतून (मेकॅनिक तिला रिबन म्हणतात) कार्डाला जातात.

एकच बटण मेलेलं असेल, आणि तेही स्टार्ट किंवा ‘३० सेकंद’चं, तर ते वापराने झिजलंय. चार-पाच बटणं एकदम गेली असतील तर एक रेषा तुटली आहे किंवा रिबन एका कडेने निसटली आहे. ती बटणं पॅनेलवर एका ओळीतच असतील असं नाही, आतली रेषा वाकडीतिकडी फिरते. एक दाबल्यावर दुसरंच लागत असेल, तर दोन रेषा ओलीने किंवा घाणीने जोडल्या गेल्या आहेत, आणि आधी वाळवणं हाच उपाय. लॉक नाही, कोड नाही आणि सगळीच बटणं मेली, तर रिबन निसटलेली असू शकते. ती परत बसवणं टेक्निशियनला काही मिनिटांचं काम आहे, म्हणून ‘पूर्ण कार्ड बदलावं लागेल’ असं ऐकलं तर रिबन काढून, साफ करून, पुन्हा लावून पाहिली का, हे नक्की विचारा.

दुरुस्ती होईपर्यंत पर्यायी बटणांवर काम भागतं. स्टार्ट गेलं असेल तर ‘क्विक स्टार्ट’ किंवा ‘+३०’ने चालवता येतं. अंकांचं पॅनेल असेल आणि १ गेला असेल, तर दीड मिनिटासाठी ९० टाका. बरीच मॉडेलं ९९ सेकंदांपर्यंत आकडा तसाच घेतात. स्टॉप मात्र गेलं असेल तर मशीन वापरू नका. दार उघडून ते थांबतं हे खरं, पण गडबडीत घरातल्या प्रत्येकाला ते सुचेलच असं नाही.

गोल फिरवायचं जॉग डायल

फिरवल्यावर आकडे पुढे-मागे उड्या मारतात किंवा दोन घरं सोडून जातात, तर डायलच्या आतल्या संपर्कांवर मळ बसलाय. प्लग काढून डायल दोन्ही दिशांना वीस-तीस पूर्ण वेढे सावकाश फिरवा. संपर्क घासून साफ होतात आणि बऱ्याचदा डायल पुन्हा सरळ चालतं. डायल हलकं, मोकळं फिरतंय आणि काहीच होत नाही, तर प्लास्टिकची टोपी आतून तडकली असेल आणि दांडा फिरतच नसेल. टोपी स्वस्तात बदलता येते.

बीप होतं, वेळ लागते, स्टार्ट होत नाही

इथे पॅनेल सहसा निर्दोष असतं. मशीनला दार उघडं आहे असं वाटतंय.

दाराच्या हुकांमागे साधारणपणे तीन छोटे स्विच असतात. दोन दार बंद असल्याची खात्री करतात. तिसरा पहारेकरी: त्या दोघांपैकी एखादा जोडलेल्या अवस्थेत चिकटला आणि दार उघडलं, तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो, म्हणजे उघड्या दाराने मायक्रोवेव्ह लहरी बाहेर येणार नाहीत.

आतल्या दिव्यावर नजर ठेवून दार सावकाश बंद करा. दार पूर्ण लागल्यावर दिवा विझला पाहिजे. विझला नाही, तर कार्डापर्यंत ‘बंद’चा निरोप पोचत नाही. दाराची कड, हुक आणि समोरची भोकं बघा. तिथे वाळलेला भात, पोळीचा तुकडा किंवा तेलकट घट्ट मळ असतो. फडक्याने पुसा. हुकाचं प्लास्टिक तुटलंय का, स्प्रिंग निघाल्याने हुक लोंबतोय का, दार बिजागरीत खाली आलंय का, तेही पाहा. दार हाताने दाबून धरल्यावरच मशीन सुरू होत असेल तर वापर थांबवा. भोकांत स्क्रूड्रायव्हर किंवा काडी घालून स्विच फसवण्याचे प्रकार केले जातात. तसं कधीच करू नका, आणि कोणी ‘जुगाड’ म्हणून स्विच कायमचा जोडून देत असेल तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

झुरळं आणि मुंग्या

पॅनेलमागचं कार्ड सॉकेट चालू असेपर्यंत किंचित गरम असतं. थंडीत आणि पावसाळ्यात झुरळांना ही जागा आवडते. त्यांची विष्ठा आणि मेलेली झुरळं दोन रेषा जोडतात, कधी कार्ड जाळतात. डिस्प्लेच्या काचेमागे हालचाल दिसली किंवा मशीनखाली काळे बारीक कण सापडले, तर प्लग काढा. मागच्या जाळीतून कीटकनाशकाचा फवारा आत मारू नका. झुरळांची जेल पट्टी ओट्यामागे आणि कपाटात लावा, मशीनच्या आत नाही. रात्री सॉकेट बंद ठेवलं तर ऊबही राहत नाही आणि व्होल्टेजच्या चढउतारांपासूनही बचाव होतो. घड्याळ रोज लावावं लागेल, तेवढंच.

टेक्निशियनला बोलावताना

मॉडेल आणि सिरियल नंबरचं स्टिकर दाराच्या आतल्या चौकटीवर किंवा मागे असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. कस्टमर केअरचा नंबर वॉरंटी कार्डवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. सर्चमध्ये वर दिसणारे नंबर अनेकदा बनावट असतात आणि ‘नोंदणी शुल्क’ म्हणून ओटीपी किंवा यूपीआय मागतात.

बऱ्याच कंपन्या मॅग्नेट्रॉनवर जास्त वर्षांची वॉरंटी देतात. ती पॅनेल किंवा कार्डाला सहसा लागू नसते, म्हणून वॉरंटी कार्डवरचा मजकूर आधी वाचा. खर्च कामाआधी लेखी घ्या आणि मेम्ब्रेन, कार्ड, मजुरी अशी फोड मागा. मेम्ब्रेन कार्डापेक्षा बरीच स्वस्त असते. जुना सुटा भाग परत मागा. सुटा भाग नाकारला जात असेल तर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल २०२२ पासून आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

काम चालू असताना एवढं बघा: कव्हर काढल्यावर त्याने पहिल्यांदा कपॅसिटर डिस्चार्ज केला का, आणि शेवटी सगळे स्क्रू परत लावले का. पत्र्याचं कव्हर लहरी आत ठेवण्याचं आणि अर्थिंगचंही काम करतं, त्यामुळे दोन स्क्रू कमी असले तरी चालतात असं नाही.

तो निघण्याआधी चाचणी घ्या. मायक्रोवेव्हला चालणाऱ्या भांड्यात २५० मिली साधं पाणी, पूर्ण पॉवर, एक मिनिट. पाणी चांगलं गरम झालं पाहिजे. मध्येच स्टॉप दाबा, पुन्हा सुरू करा, मग चालू असताना दार उघडा. मशीन तत्क्षणी थांबलं पाहिजे. नंतर तुमचा तो चौकोनांचा कागद घ्या आणि प्रत्येक बटण पुन्हा दाबून पाहा. सगळ्यांवर खूण झाल्याशिवाय पैसे देऊ नका.